शासकीय महाविद्यालय निवडताना : वाचकांचे प्रश्न

बारावीचा निकाल आणि प्रवेशाची अंतिम मुदत यांच्या मधल्या काळात या सदराकडे येणारी पत्रे दरवर्षी साधारण एकाच वळणाची असतात. सरकारी महाविद्यालयात प्रवेश मिळतो आहे, घ्यावा का? खासगी महाविद्यालयाची इमारत चकाचक आहे, सरकारी महाविद्यालयाचे छत गळते, तरी सगळे सरकारीच घ्या म्हणतात, ते का? या महिन्यात त्यांपैकी सहा पत्रांना उत्तरे देत आहे. मी स्वतः राज्यातील शासकीय महाविद्यालयांत शिकवून निवृत्त झालो असल्यामुळे या संस्थांविषयी मला आपुलकी आहे, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावे आणि माझ्या उत्तरांतून तेवढा अंश वजा करावा.

प्रश्न : माझ्या मुलीला बी.एस्सी. करायचे आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयाला सगळे ‘सरकारीच’ म्हणतात. परंतु चौकशीला गेलो तेव्हा बी.एस्सी.ची फी एक आणि त्याच इमारतीतल्या संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमाची फी तिच्या अनेक पट, असे सांगण्यात आले. हे कसे? शासकीय, अनुदानित आणि स्वायत्त यांत नेमका फरक काय? — एक पालक, बीड जिल्हा

आपण ज्याला सरकारी समजत आहात, ते महाविद्यालय बहुधा अनुदानित असावे. आपल्या राज्यात जनसामान्यांच्या बोलण्यात ‘सरकारी’ हा शब्द फार सैल वापरला जातो, आणि प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या निम्म्या गैरसमजांचे मूळ त्यातच असते.

शासकीय महाविद्यालय हे थेट राज्य शासनाच्या मालकीचे असते. तेथील सहायक प्राध्यापकांची निवड महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते, ते शासकीय अधिकारी असतात आणि त्यांच्या बदल्याही होतात. कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय, नागपूरचे पूर्वीचे मॉरिस कॉलेज म्हणजे आजची वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था, अमरावतीची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था ही या प्रकारातली जुनी नावे. पारंपरिक शाखांमध्ये अशी महाविद्यालये मोजकीच आहेत. अनुदानित महाविद्यालय एखादी शिक्षणसंस्था चालवते. नेमणुका संस्था करते आणि मंजूर पदांवरील शिक्षकांचा पगार शासन उच्च शिक्षणाच्या विभागीय सहसंचालक कार्यालयामार्फत देते. पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने काढले आणि आजही तीच संस्था ते चालवते. त्याला कुणी सरकारी म्हटले तर ते चूकच ठरेल, पण तेथील अनुदानित तुकडीत शिकणारा विद्यार्थी शासनाच्या पैशावर शिकतो, हेही तितकेच खरे.

मी वर ‘तुकडी’ हा शब्द मुद्दाम वापरला. अनुदान सरसकट संपूर्ण महाविद्यालयाला मिळत नाही. ते ठरावीक अभ्यासक्रमांना आणि ठरावीक तुकड्यांना मिळते. त्यामुळे एकाच इमारतीत, एकाच प्राचार्यांच्या हाताखाली, अनुदानित बी.एस्सी. आणि विनाअनुदानित संगणकशास्त्र सुखाने नांदतात. कधी कधी तर एकाच बी.कॉम.ची ‘अ’ तुकडी अनुदानित आणि ‘क’ तुकडी विनाअनुदानित असते. पुस्तके तीच, परीक्षा तीच, पदवीही तीच, फक्त पावतीवरचा आकडा वेगळा. विनाअनुदानित तुकडीला शिकवणारे बरेचसे शिक्षक तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन मिळणारे, किंवा संस्थेच्या पगारावरचे असतात. म्हणून कार्यालयात विचारताना ‘महाविद्यालय अनुदानित आहे का’ असे विचारू नये. ‘माझ्या मुलीला ज्या तुकडीत प्रवेश मिळणार आहे, ती तुकडी अनुदानित आहे का’ असे विचारावे आणि उत्तर शक्यतो माहितीपत्रकात छापलेले पाहावे.

स्वायत्ततेचा फीशी संबंध नाही. स्वायत्त महाविद्यालय आपला अभ्यासक्रम स्वतः आखते, परीक्षा स्वतः घेते आणि निकाल स्वतः लावते. पदवी मात्र ज्या विद्यापीठाशी ते संलग्न असते, त्याच विद्यापीठाची मिळते. शासकीय, अनुदानित आणि पूर्णपणे खासगी, अशी तिन्ही प्रकारची महाविद्यालये स्वायत्त असू शकतात. फलकावर ‘स्वायत्त’ लिहिलेले पाहून फी जास्त असणार किंवा दर्जा वरचा असणार, असा कोणताही अंदाज बांधता येत नाही.

आणखी दोन गोष्टी सांगतो, कारण त्यांत जाणकारही फसतात. ‘अभिमत विद्यापीठ’, म्हणजे विद्यापीठाचा दर्जा दिलेली संस्था, म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भरमसाट फी येते. परंतु मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था २००८ पासून अभिमत विद्यापीठ आहे आणि तरीही ती राज्य शासनाच्या निधीवर चालते, सर ज. जी. कला महाविद्यालयालाही २०२३ मध्ये हा दर्जा मिळाला. दुसरी गोष्ट पदवीवरच्या नावाची. मुंबईची एल्फिन्स्टन, सिडनहॅम, विज्ञान संस्था आणि माध्यमिक शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालय ही चार शासकीय महाविद्यालये २०१९ मध्ये एकत्र करून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ स्थापन झाले. इमारत तीच, पाटीवरचे नावही तेच. परंतु तेथे आज प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला मुंबई विद्यापीठाची पदवी मिळत नाही, या नव्या विद्यापीठाची मिळते. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचेही तसेच झाले. १८५४ पासून चालत आलेली ही संस्था २०२२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाली. यात विद्यार्थ्याचे काही नुकसान होते असे मी म्हणत नाही. पण आपल्या पदवीवर कोणते नाव असणार, हे प्रवेश घेण्याच्या दिवशी माहीत असावे, पदवीदान समारंभात कळू नये.

प्रश्न : दोन शासकीय महाविद्यालयांपैकी एकाला नॅकची ‘अ’ श्रेणी आहे, दुसऱ्याला ‘ब++’. पहिलेच घ्यावे ना? घरचे म्हणतात, श्रेणी पाहून ठरव. — एक विद्यार्थिनी, वाशीम

घरच्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, पण अपुरे आहे. नॅक म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद ही १९९४ मध्ये स्थापन झालेली संस्था संपूर्ण महाविद्यालयाला मिळून चार गुणांच्या मापावर श्रेणी देते. ३.०१ ते ३.२५ गुणांना ‘अ’ आणि २.७६ ते ३.०० गुणांना ‘ब++’ असे तिचे कोष्टक आहे, म्हणजे २.९९ आणि ३.०१ या दोन महाविद्यालयांच्या पाट्यांवर वेगळी अक्षरे दिसतात, प्रत्यक्षात त्यांच्यात दोन शतांशांचे अंतर असते. श्रेणी साधारणपणे पाच वर्षांसाठी असते. चार वर्षांपूर्वी समिती आली तेव्हा वनस्पतिशास्त्र विभागात पाच प्राध्यापक असतील आणि आज त्यांपैकी तीन निवृत्त होऊन त्यांच्या जागा रिकाम्या पडल्या असतील, तर ते त्या अक्षरात दिसणार नाही.

तेव्हा अक्षराच्या मागे जा. नॅकसाठी महाविद्यालयाने सादर केलेला स्वयंमूल्यमापन अहवाल त्याच्या संकेतस्थळावर असतो. तो शेकडो पानांचा असतो आणि त्यातला बराच भाग, खरे सांगायचे तर, समितीला खूश करण्यासाठी लिहिलेला असतो. आपण त्यातला दुसरा निकष, म्हणजे अध्यापन-अध्ययनाचा भाग उघडावा. मंजूर पदांपैकी किती पूर्णवेळ शिक्षक भरलेले आहेत आणि एका शिक्षकामागे किती विद्यार्थी आहेत, हे तेथे आकड्यांत दिलेले असते. शासकीय महाविद्यालयाचे खरे दुखणे या दोन आकड्यांत असते. इमारती, जागा, ग्रंथालय आणि परंपरा या बाबतीत ही महाविद्यालये सहसा कमी पडत नाहीत. ती कमी पडतात माणसांच्या बाबतीत. मी ज्या विभागातून निवृत्त झालो, तेथे एके वर्षी मंजूर पदे सहा होती आणि कायमस्वरूपी शिक्षक आम्ही दोघेच होतो. उरलेला भार तासिका तत्त्वावरील तरुण मुलांनी वाहिला आणि त्यांच्यातले काही जण आमच्यापेक्षा चांगले शिकवत, हे मी मोकळेपणाने मान्य करतो; परंतु त्यांच्या नेमणुकांना मान्यता मिळेपर्यंत सत्राचे पहिले काही आठवडे वर्ग मोकळे जात आणि त्याची भरपाई पुढे कधीच नीट होत नसे.

अहवाल जुना वाटला तर माहितीच्या अधिकाराचा उपयोग करता येतो. शासकीय आणि अनुदानित महाविद्यालये माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कक्षेत येतात. साध्या कागदावर जनमाहिती अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहून त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा आणि ‘अमुक विभागातील मंजूर पदे, आजच्या तारखेस भरलेली पदे व तासिका तत्त्वावर कार्यरत शिक्षकांची संख्या’ एवढेच मागावे. उत्तर ३० दिवसांच्या आत मिळायला हवे. प्रवेशाच्या धामधुमीत ३० दिवस फार होतात, हे खरे. म्हणून हा अर्ज बारावीच्या परीक्षा संपताच करावा.

परंतु सर्वांत उत्तम उपाय म्हणजे स्वतः जाऊन येणे. रविवारी किंवा सुटीत गेल्यास फक्त झाडे आणि पुतळा पाहून परत यावे लागते. कामाच्या दिवशी अकराच्या सुमारास जावे. सूचनाफलकावर लावलेल्या वेळापत्रकात कोणत्या तासाला कोणता वर्ग आहे ते टिपून घ्यावे आणि त्या खोलीसमोरून एक चक्कर मारावी. वर्ग चालू आहे का, आणि चालू असेल तर मागच्या बाकांवर कुणी आहे का? मग प्रयोगशाळेत जावे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बर्नर पेटतो का, एका सूक्ष्मदर्शकाभोवती किती मुले उभी आहेत, प्रात्यक्षिकाची एक बॅच किती जणांची आहे, हे पाच मिनिटांत दिसते. प्रयोगशाळा परिचराशी दोन शब्द बोलावे; गेल्या वर्षी रसायने वेळेवर आली की नाही, हे प्राचार्यांपेक्षा त्याला अधिक नेमके ठाऊक असते. ग्रंथालयात पुस्तके किती, हे विचारू नये, कारण जुन्या शासकीय महाविद्यालयांत तो आकडा नेहमीच छाती दडपवणारा असतो. आपल्या विषयाच्या कपाटातले एखादे पुस्तक काढून त्याच्या मागच्या चिठ्ठीवर शेवटची देवघेव कोणत्या तारखेची आहे, ते पाहावे. आणि शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना, शक्यतो महाविद्यालयाने पुढे केलेल्या नव्हे, कँटीनमध्ये गाठून विचारावे : गेल्या सत्रात कोणत्या विषयाला शिक्षकच नव्हते?

आपल्या दोन महाविद्यालयांपैकी ‘ब++’ असलेल्या महाविद्यालयात आपल्या विषयाची पदे भरलेली असतील, तर मी डोळे मिटून तेच घ्यायला सांगेन.

प्रश्न : अभियांत्रिकीसाठी पर्याय अर्ज भरायचा आहे. शासकीय महाविद्यालयात स्थापत्य किंवा यंत्र शाखा मिळू शकते, खासगीत संगणक. नातेवाईक म्हणतात, कॉलेज कसलेही चालेल, शाखा संगणकच हवी. मागच्या वर्षीचे कट-ऑफ पाहिले, पण त्यातली अक्षरेच कळत नाहीत. — एक विद्यार्थी, जळगाव

अक्षरांपासून सुरुवात करू, कारण ती कळली नाहीत तर सगळा तक्ता उलटा वाचला जातो. प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर जे सांकेतिक नाव असते, त्याचे तीन भाग असतात. पहिले अक्षर ‘जी’ असेल तर सर्वसाधारण जागा, ‘एल’ असेल तर मुलींसाठी राखीव जागा. मधला भाग प्रवर्गाचा : ओपन, ओबीसी, एससी वगैरे. शेवटचे अक्षर ‘एच’ म्हणजे गृह विद्यापीठाच्या (विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भागातील विद्यापीठाच्या) क्षेत्रातील, ‘ओ’ म्हणजे त्या क्षेत्राबाहेरील आणि ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय जागा. आपण जळगावचे असाल आणि दुसऱ्या विद्यापीठाच्या क्षेत्रातील महाविद्यालयाचा तक्ता पाहताना शेवटी ‘एच’ असलेला स्तंभ वाचत असाल, तर तो आकडा आपल्यासाठी नाहीच. त्याच तक्त्यात ‘टीएफडब्ल्यूएस’ असा स्तंभ असतो. त्या शिकवणी शुल्क माफीच्या जागा मंजूर क्षमतेच्या पाच टक्के आणि तिच्याशिवाय जादा असतात, त्यामुळे त्यांचा कट-ऑफ सहसा बराच वर असतो. तो पाहून घाबरू नये.

अर्जातील क्रमाविषयी एकच नियम : आपल्याला खरोखर ज्या क्रमाने हवे आहे, त्या क्रमाने लिहावे. ‘हे मिळणार नाही’ म्हणून वर लिहायचे टाळणारे आणि ‘हे तर नक्की मिळेल’ म्हणून वर लिहिणारे, असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी मी पस्तावलेले पाहिले आहेत. दुसऱ्यांचे नुकसान अधिक होते, कारण पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली, तर ती आपोआप गोठवली जाते आणि पुढच्या फेऱ्यांचे दार बंद होते. २०२५-२६ च्या प्रवेशांत तर दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींपैकी कोणतीही जागा मिळाली तरी ती गोठवली जात होती. हे नियम वर्षागणिक बदलतात, त्यामुळे सीईटी कक्षाची यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. सायबर कॅफेवाल्याच्या हाती अर्ज सोपवून चहाला जाऊ नये.

आता शाखा की महाविद्यालय. नातेवाइकांच्या मताशी मी सहमत नाही, पण माझे मत सरसकट कुणावर लादणारही नाही. संगणक शाखेला सध्या मागणी आहे आणि ज्याला त्या विषयाची खरी ओढ आहे, त्याने चांगल्या खासगी महाविद्यालयात ती जरूर घ्यावी. परंतु कोणत्याही महाविद्यालयातून संगणक शाखा घेतली की नोकरी ठेवलेलीच आहे, हा समज घातक आहे. खासगी महाविद्यालयांच्या जाहिरातीत सर्वाधिक पॅकेजचा आकडा मोठ्या टाइपात असतो. तो एका विद्यार्थ्याचा असतो. राष्ट्रीय क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये, भाग घेणाऱ्या संस्थांना त्यांची माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते आणि तीत किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांच्या पगाराचा मध्यक किती, असे तीन आकडे शेजारी शेजारी असतात. मध्यक म्हणजे निम्म्या मुलांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त मिळाले, तो आकडा. आपली तुलना त्याच्याशी करावी. ज्या महाविद्यालयाने हा आकडा कुठेच दिलेला नाही, त्याच्या जाहिरातीवर किती विश्वास ठेवायचा, हे आपण ठरवावे.

शासकीय महाविद्यालयात मिळणारी आणखी एक गोष्ट तक्त्यात येत नाही, ती म्हणजे सोबत. राज्यभरातून गुणवत्तेवर निवडलेली मुले एका वसतिगृहात राहतात, रात्री दोन वाजता एकमेकांना गणिते समजावतात, ‘गेट’ या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेपासून एमपीएससीपर्यंत कशाची ना कशाची तयारी करत असतात. स्थापत्य शाखेचा विद्यार्थी तेथे शेजारच्या खोलीतल्या मित्राकडून प्रोग्रॅमिंगही शिकून घेतो. आपला प्रश्न वाचून मला वाटते, आपल्याला संगणकाची ओढ आहे की मागणीमुळे तो हवासा वाटतो, हे अजून आपले आपल्यालाच ठरलेले नाही. ते ठरले की क्रम आपोआप लागेल.

जाता जाता कागदपत्रांविषयी. मागास प्रवर्गातून प्रवेश घेणार असाल, तर जात वैधता प्रमाणपत्र हे आपल्या प्रवर्गाच्या जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून मिळते आणि त्याला वेळ लागतो. त्याचा अर्ज बारावीत असतानाच करायचा असतो. नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्राची मुदत पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत आहे का, ते पाहावे. मुदत संपलेल्या प्रमाणपत्रामुळे हातची जागा खुल्या प्रवर्गात ढकलली गेल्याची उदाहरणे दरवर्षी घडतात.

प्रश्न : सरकारी महाविद्यालयात मुलींना आता सगळे मोफत आहे, असे ऐकले. मग वर्षभरासाठी पैशांची तजवीज करायची गरज आहे का? — एक आई, सोलापूर

गरज आहे, आणि ‘सगळे’ हा शब्द आपण मनातून काढून टाकावा. राज्य शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. ही सवलत केवळ शासकीय महाविद्यालयापुरती नाही. अनुदानित आणि विनाअनुदानित महाविद्यालयांतही ती मिळते. खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे आणि व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश मात्र तिच्या बाहेर आहेत. माफी मिळते ती या दोन शुल्कांची. वसतिगृहाचे भाडे, खानावळ, अनामत रक्कम, पुस्तके, प्रवास हा सारा खर्च आपला.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २.५० लाख रुपये उत्पन्नमर्यादेची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी अनुसूचित जातीकरिता डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि अनुसूचित जमातीकरिता पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. खुल्या प्रवर्गातील आर्थिक दुर्बलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहेत. शिष्यवृत्तीचे अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात आणि दरवर्षी नव्याने नूतनीकरण करावे लागते. येथे लोक नेमके अडतात. पैसे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. वडिलांचे खाते चालत नाही. अर्ज भरून झाला म्हणजे काम संपले असेही नाही. तो आधी महाविद्यालयाच्या लिपिकाच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या आणि मग संबंधित विभागाच्या. ‘फॉर्म कॉलेजच्या लॉगिनलाच पडून आहे’ हे वाक्य मी नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत इतक्या वेळा ऐकले की, मी माझ्या विद्यार्थ्यांना दर पंधरा दिवसांनी स्थिती तपासून शिष्यवृत्ती विभागाच्या खिडकीवर जायची सक्तीच केली होती. रक्कम बहुधा उशिरा, कधी वर्ष संपता संपता येते. म्हणून मुलीच्या राहण्या-जेवणाचे किमान सहा-आठ महिन्यांचे पैसे हाताशी असावेत, आणि शिष्यवृत्ती आली की ती त्या खर्चाची भरपाई समजावी.

वसतिगृहाविषयी मुद्दाम लिहितो. महाविद्यालयात प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृहात खोली मिळालीच, असे नसते. त्याचा अर्ज वेगळा, गुणवत्ता यादी वेगळी आणि कित्येकदा तारीखही वेगळी असते. प्रवेश निश्चित करण्याच्या दिवशीच वसतिगृह अधीक्षकांची भेट घेऊन पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी किती जागा आहेत, ते विचारून घ्यावे.

प्रश्न : शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएस केल्यास बंधपत्र द्यावे लागते का? — एक विद्यार्थी, धुळे

होय. महाराष्ट्रातील शासकीय व महानगरपालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाची शासकीय सेवा बंधनकारक आहे. अत्यल्प फीमध्ये डॉक्टर झाल्यावर एक वर्ष ग्रामीण रुग्णालयात काढणे हा मला तरी अन्याय वाटत नाही. आपण विचारले नसले तरी सांगतो : प्रादेशिक आरक्षणाचे ७०:३० सूत्र (७० टक्के जागा त्या विभागातील आणि ३० टक्के उर्वरित राज्यातील विद्यार्थ्यांना) वैद्यकीय प्रवेशांतून २०२० मध्ये रद्द झाले आहे, त्यामुळे जुन्या कट-ऑफवरून अंदाज बांधू नये.

प्रश्न : एका महाविद्यालयात प्रवेश घेतला होता. नंतर शासकीय महाविद्यालयात नंबर लागला. पहिले महाविद्यालय मूळ कागदपत्रे परत देत नाही आणि फीही बुडाली म्हणते. काय करावे? — एक पालक, परभणी

मूळ कागदपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही महाविद्यालयाला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत हे स्पष्ट आहे : महाविद्यालयाने मूळ प्रमाणपत्रे तपासून लगेच परत करायची असतात, फक्त स्वसाक्षांकित प्रती ठेवायच्या असतात.

फीचा परतावा आपण प्रवेश कधी रद्द केला, यावर अवलंबून असतो. त्याच अधिसूचनेप्रमाणे, जाहीर केलेल्या प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ किंवा त्याहून अधिक दिवस आधी रद्द केल्यास पूर्ण फी परत मिळते, त्यातून प्रक्रियेचा खर्च म्हणून जास्तीत जास्त ५ टक्के आणि तोही ५,००० रुपयांच्या आत कापता येतो. शेवटच्या १५ दिवसांत रद्द केल्यास ९० टक्के, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि त्यानंतर काहीच नाही. म्हणजे येथे एकेका दिवसाला किंमत आहे. केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला प्रवेश असेल तर तो पोर्टलवरूनच रद्द करावा लागतो आणि त्याची मुदत माहितीपुस्तिकेत दिलेली असते. ती चुकवू नये.

तोंडी बोलणी थांबवावी. आजच प्राचार्यांच्या नावे दोन प्रतींत अर्ज लिहावा. त्यात प्रवेश रद्द करण्याची तारीख, भरलेल्या फीच्या पावतीचा क्रमांक आणि परत हव्या असलेल्या कागदपत्रांची यादी द्यावी, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. आवक लिपिक अर्ज घ्यायलाच तयार नसेल, तर तोच अर्ज पोहोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने पाठवावा आणि त्याची एक प्रत विद्यापीठाला व विभागीय सहसंचालक कार्यालयाला, अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्र असेल तर तंत्रशिक्षणाच्या विभागीय कार्यालयाला द्यावी. माझ्या अनुभवात, ज्या अर्जाच्या खाली ‘प्रत माहितीस्तव’ असे लिहून वरिष्ठ कार्यालयाचे नाव असते, त्या अर्जावर कार्यालयातली फाइल बरीच लवकर हलते. तोपर्यंत नव्या महाविद्यालयाला हमीपत्र देऊन कागदपत्रे सादर करण्यासाठी मुदत मागावी, आणि मुदत किती दिवसांची दिली, तेही लेखी घ्यावे.